पगारी चित्रकाराची एकेचाळीस वर्षे

स्मरणिकेत एका थोर दिवंगत व्यक्तीचा परिचय हवा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा बहुतेकांना वाटले असेल की ही इंजिनिअर आहे, एखाद्या शास्त्रज्ञावर लिहील. मी निवडले आहेत चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर. नाव ऐकून ओळख पटली नाही तरी त्यांचे काम आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. शिवराज्याभिषेकाचे जे भरगच्च दरबारी चित्र कॅलेंडरांवर, पुस्तकांत आणि घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले, त्याच्याशी धुरंधरांचे नाव जोडलेले आहे. आणि आपण सातवी-आठवीत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी बोर्ड, क्लिपा आणि रंगांचा डबा घेऊन परक्या शाळेत गेलो होतो, त्या सरकारी चित्रकला शिक्षणाच्या जगातच या माणसाचे आयुष्य गेले.

त्यांना निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. धुरंधर हे आयुष्यभर सरकारी नोकर होते. त्यांनी हजेरीपटावर सह्या केल्या, वर्ग घेतले, वरिष्ठांचे हुकूम पाळले, पेन्शनीत निघाले आणि त्याच वेळी हजारो चित्रे काढली. चित्रकार म्हटला की फाटका, लहरी, उपाशी माणूस डोळ्यांपुढे येतो. पगार घेऊन, वेळेवर, दुसऱ्याने सांगितलेले काम उत्तम करणारा चित्रकार आपल्या कल्पनेत बसत नाही. मी स्वतः वीस वर्षांहून जास्त काळ पगारावर कोड लिहिते आहे. तो कोड कंपनीचा असतो, त्यावर माझे नाव नसते आणि तो कुठे चालतो हे पुष्कळदा मलाही ठाऊक नसते. त्यामुळे सांगितलेल्या कामात माणूस स्वतःला किती ओतू शकतो आणि शेवटी त्याचे त्यात काय उरते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. धुरंधरांच्या आयुष्यात त्याची काही उत्तरे सापडतात.

महादेवरावांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते आणि कलावंताला दरबाराचा आधार मिळण्याची तिथे परंपरा होती. कोल्हापूरचेच आबालाल रहिमान हे त्यांच्याहून वयाने मोठे. मुंबईला शिकून ते कोल्हापुरात परतले आणि पुढे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. दोघांचे गाव एक, कलाशाळा एक. एकाला राजाश्रय मिळाला, दुसऱ्याला सरकारी नोकरी. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला, म्हणून तो लक्षात ठेवू या.

धुरंधर मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले ते जानेवारी १८९० मध्ये. या शाळेचा जन्मच मोठा बोलका आहे. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपयांची देणगी दिली, १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले आणि १८६६ मध्ये सरकारने शाळा आपल्या ताब्यात घेतली. सरकारला तिथे थोर कलावंत घडवायचे होते असे समजू नका. हेतू व्यवहाराचा होता. इमारतींवर नक्षी कोरणारे, आराखडे काढणारे, कारागिरांना शिकवणारे आणि शाळांमधून ड्रॉइंग शिकवणारे लोक हवे होते. मुंबईत त्या काळात जी मोठमोठी दगडी सरकारी बांधकामे झाली, त्यांच्या सजावटीत या शाळेचे हात होते.

सरकारला आणखी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे नकला. अजिंठ्याची चित्रे खराब होत चालली होती. कंपनी सरकारने १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला त्यांच्या प्रतिकृती काढण्यावर नेमले. त्याने आयुष्याची कितीतरी वर्षे त्या लेण्यांत घालवली. ती चित्रे लंडनला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याला जाऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्याही प्रती लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. आमच्या धंद्यात बॅकअप कधीही एका ठिकाणी ठेवू नये असा नियम आहे. अजिंठ्याच्या दोन्ही आगी वाचताना मला तो नियम पहिल्यांदा पोटातून कळला. सरकार चित्रकाराला पगार देते, त्याचे काम गोळा करते, पण गोळा केलेले जपले जाईलच याची हमी त्या पगारात नसते.

अशा शाळेत, ग्रिफिथ्स यांच्याच हाताखाली, बावीस वर्षांचे धुरंधर शिकू लागले. त्यांची प्रगती झपाट्याची होती. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात १८९५ साली त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. चित्राचा विषय देवादिकांचा नव्हता. ‘लक्ष्मी, आलीस का?’ अशा अर्थाचे त्याचे इंग्रजी नाव होते आणि त्यात रोजच्या मराठी घरातला प्रसंग होता. युरोपीय चित्रकारांचा वरचष्मा असलेल्या त्या प्रदर्शनात एका कोल्हापूरकर विद्यार्थ्याने हे पदक मिळवले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, शाळेने त्यांना शिक्षक म्हणून ठेवून घेतले.

त्याच सुमारास मुंबईत प्लेग शिरला. धुरंधरांच्या पहिल्या पत्नी बापूबाई या साथीतच गेल्या. पुढे त्यांचा दुसरा विवाह गंगूबाईंशी झाला. गंगूबाईंची त्यांनी वर्षानुवर्षे इतकी रेखाटने केली की घरात बसलेली, कामात असलेली, थकलेली बायको हा त्यांच्या चित्रांचा एक स्वतंत्र विभागच होतो. नऊवारीच्या चुण्या, खांद्यावरून आलेला पदर, वाकून काम करताना पाठीला येणारा बाक हे सगळे त्यांच्या हातात इतके मुरले होते की पुढे कुठल्याही कामात मराठी बाई आली की ती खरीखुरी वाटायची. इंटरमिजिएटच्या पेपरात ‘बाजारातील दृश्य’ आठवणीने काढताना आपण सगळ्या बायका पाठमोऱ्या काढायचो, म्हणजे चेहरे टळायचे! धुरंधरांची स्मरणचित्रे पाहिली की चेहरा टाळायचा नसेल तर आधी किती पाहावे लागते ते समजते.

नोकरी सांभाळून त्यांनी बाहेरची कामे केली, आणि ती देणाऱ्यांत सरकारी अधिकारी पुष्कळ होते. एस. एम. एडवर्ड्स हे मुंबईचे पोलीस कमिशनर. त्यांच्या मुंबईवरील पुस्तकाला १९१२ साली धुरंधरांची चित्रे होती. सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्याकडच्या व्रतवैकल्यांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. १९१४ च्या त्या पुस्तकातले राजे-राण्या आणि आवडत्या-नावडत्या धुरंधरांनी रंगवल्या. ऑटो रॉथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरचे पुस्तक १९२० मध्ये आले, तेही धुरंधरांच्या रंगीत चित्रांनी भरलेले. हे तिघेही राज्यकर्त्यांच्या यंत्रणेतले लोक. आपण ज्यांच्यावर राज्य करतो ते लोक दिसतात कसे, नेसतात काय, सण कसे करतात, हे त्यांना समजून घ्यायचे होते. कधी कुतूहलाने, कधी जिव्हाळ्याने, पण नोंद करून ठेवण्याच्या सवयीने नक्कीच. त्या नोंदीसाठी त्यांना हवा होता आतला माणूस. धुरंधर ते काम करत होते आणि त्या चित्रांमधून आपल्या आज्या-पणज्यांचे कपडे, दागिने, उभे राहण्याची ढब आपल्यासाठीही शिल्लक राहिली. मागणी साहेबांची होती, पण उपयोग आपल्यालाही झाला.

सरकारी गिऱ्हाइकांबरोबर इतरही होते. मुंबईच्या रस्त्यांवरचे लोक दाखवणारी त्यांची विनोदी पोस्टकार्डे खपत. ‘विसमी सदी’ या गुजराती मासिकात त्यांची चित्रे येत. रविवर्मा प्रेसनेही त्यांची चित्रे छापली. हा प्रेस मुंबईहून हलून पुढे मळवलीला आला होता. म्हणजे आपल्या पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरच. कासारवाडीला लोकलमध्ये बसून लोहगड-भाज्याच्या सहलीला मळवलीला उतरलेले आपल्यात कितीतरी आहेत. देवघरांत पोहोचलेल्या रंगीत चित्रांचा एक मोठा उगम त्याच स्टेशनाच्या परिसरात होता, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

संस्थानिकांमध्ये त्यांचे मोठे चाहते होते औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. पिंपळे सौदागरच्या मंडळींना लगेच रक्षक चौकापलीकडचे औंध आठवेल, पण हे औंध साताऱ्याकडचे! बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. छोट्याशा संस्थानाच्या उत्पन्नातून त्यांनी धुरंधरांसह अनेक भारतीय चित्रकारांची कामे जमवली, युरोपातून शिल्पे आणली आणि १९३८ मध्ये डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभे केले. हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचे एक मूळ शिल्प तिथे आहे. संस्थान विलीन झाले, राजे गेले, पण संग्रह एकत्र राहिला आणि आज राज्य सरकार तो सांभाळते. लंडनला पाठवलेले अजिंठा जळाले आणि औंधच्या डोंगरावर ठेवलेले टिकले, हा योगायोग असेल, पण विचार करायला लावणारा आहे.

आता त्या नोकरीकडे वळू. धुरंधर शिक्षक झाले, मग मुख्याध्यापक झाले. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले, ते गेले, ग्लॅडस्टन सॉलोमन आले. प्रमुखाच्या खुर्चीवर इंग्लंडहून नेमलेला माणूस बसणार, हे ठरलेलेच होते. वर्ग चालवणारे, विद्यार्थ्यांना घडवणारे, सगळ्यांना ओळखणारे धुरंधर दुसऱ्या क्रमांकावर राहिले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. संचालकपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली ती १९३० मध्ये, तीही तात्पुरती, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले असताना. परदेशी मुख्यालय असलेल्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा जिना ओळखीचा वाटेल. चढता येतो, पण शेवटच्या पायरीआधी दार असते.

तरीही शेवटच्या काही वर्षांत शाळेकडे एक फार मोठे सरकारी काम आले. नवी दिल्ली उभी राहत होती. हर्बर्ट बेकरने आखलेल्या सचिवालयाच्या इमारतींच्या भिंती आणि घुमट सजवायचे होते आणि ते काम भारतीय चित्रकारांकडून करून घ्यायचे असे ठरले. यावरून मुंबई आणि बंगाल या दोन पंथांत चांगलीच चुरस होती. बंगालचा भर जुन्या भारतीय शैलींवर, तर मुंबईचा भर समोर माणूस बसवून, प्रकाश-सावली अभ्यासून केलेल्या चित्रणावर. सॉलोमन यांनी आपल्या शाळेसाठी जोर लावला. १९२४ च्या लंडनमधील वेम्बली प्रदर्शनात त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवलेली एक संपूर्ण खोली मांडून त्यांनी आधीच वजन वाढवले होते. मुंबईच्या पथकाला नॉर्थ ब्लॉकमधले काम मिळाले. त्यात धुरंधरांकडे विधी सदस्याचे दालन आले. विषय होता कायदा. हिंदू आणि मुस्लिम कायद्याशी संबंधित प्रसंग त्यांनी तिथे रंगवले. कायदा ही चित्रात पकडायला अवघड गोष्ट. धुरंधरांनी कलमे बाजूला ठेवली आणि माणसे काढली. साठीतला हा चित्रकार तोवर आयुष्यभर हेच करत आला होता.

ते दालन सर्वसामान्यांसाठी नव्हते. तिथे अधिकारी येत, फायली येत. रोज त्या भिंतीसमोर बसणाऱ्यांपैकी कितीजण मान वर करून पाहत असतील? सरकार कलावंताचा सर्वात मोठा ग्राहक असते, पण पुष्कळदा प्रेक्षक नसते. थोड्याच वर्षांनी, १९३५ पासून, मंदीने ग्रासलेल्या अमेरिकेने हजारो बेकार चित्रकारांना सरकारी पगारावर घेतले आणि त्यांच्याकडून टपाल कचेऱ्या, शाळा, रुग्णालयांच्या भिंती रंगवून घेतल्या. तिथे टपालाचे तिकीट घ्यायला आलेल्या माणसालाही चित्र दिसत होते. पैसा दोन्हीकडे सरकारचाच होता. भिंत कुठली निवडायची, एवढाच काय तो फरक.

३१ जानेवारी १९३१ रोजी धुरंधर निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून पाऊल ठेवल्यापासून एकेचाळीस वर्षे एकाच आवारात! त्यानंतर दोनेक वर्षांतच एक धक्कादायक गोष्ट घडली. काटकसरीसाठी नेमलेल्या सरकारी समितीने जे. जे. स्कूल ऑफ आर्ट बंदच करावे अशी शिफारस केली. ज्या शाळेने सरकारच्या इमारती सजवल्या, दिल्ली रंगवली, तिच्यावर हिशेबात एका फटक्यात काट मारली गेली. लोकांनी, कलावंतांनी विरोध केला आणि शाळा वाचली. धुरंधरांनी आपल्या आठवणी लिहून १९४० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांच्या शीर्षकात ती एकेचाळीस वर्षे आहेत. मराठी कलाविश्वाचा तो काळ जाणून घ्यायचा असेल तर आजही त्या पुस्तकाकडेच वळावे लागते. मला वाटते, शाळा कागदावर पुसली जाऊ शकते हे त्यांनी पाहिले होते. अशा वेळी ती माणसाने लिहून ठेवायची असते.

१ जून १९४४ रोजी धुरंधर गेले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार. २००९ पर्यंत त्या हयात होत्या आणि वडिलांचा वारसा त्यांनी पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये केंद्र सरकारने ललित कला अकादमी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय स्थापन केले. त्याच संग्रहालयाच्या मुंबईतल्या वास्तूत २०१८ मध्ये धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा अनेकांना हा चित्रकार नव्याने भेटला. आणि नॉर्थ व साउथ ब्लॉकमध्ये भव्य राष्ट्रीय संग्रहालय करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली आहे. तसे झाले तर ज्या इमारतीत चित्रे फक्त अधिकाऱ्यांसाठी होती, तिथे उद्या तिकीट काढून कुणीही जाऊ शकेल.

आणि आबालाल? शाहू महाराज १९२२ मध्ये वारले आणि त्यांचा आधार तुटला. त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटीतीर्थाच्या तळ्यात टाकली असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ च्या अखेरीस, म्हणजे धुरंधर निवृत्त झाले त्याच वर्षी, ते गेले. गुणांत कोण सरस होते, यावर जाणकार आजही वाद घालतील. पण एकाचा आश्रयदाता माणूस होता, दुसऱ्याची संस्था होती. माणूस जातो. संस्था रडतखडत का होईना, पगार आणि पेन्शन देते, कामाची नोंद ठेवते. धुरंधरांना त्या संस्थेने वरची खुर्ची दिली नाही हे खरे, पण निवांतपणे चित्र काढण्याची चाळीस वर्षे दिली. माझ्या मूळ प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे. दुसरे उत्तर त्यांच्या चित्रांच्या कोपऱ्यात आहे. काम साहेबाचे असो, छापखान्याचे असो की पोस्टकार्डाचे, धुरंधर त्यावर सही करत, आणि पुष्कळदा तारीखही घालत. एवढ्याशा सवयीमुळे आज त्यांचे काम ओळखता येते, वर्षावार लावता येते. आपल्याकडे स्वच्छतेच्या मोहिमेत उड्डाणपुलांच्या भिंती रंगतात, तिथे मोहिमेचे नाव ठळक असते आणि चित्रकाराचे क्वचितच. शंभर वर्षांनी ती चित्रे कुणाची म्हणून शोधायची?

म्हणून शेवटी एक प्रत्यक्ष विनंती. आपल्या शाळेतही एक संग्रह आहे. चित्रकलेच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली विद्यार्थ्यांची निवडक चित्रे गुंडाळून ठेवलेली आहेत. त्यांत तुमची-माझीही असतील. शाळेच्या इमारतीचे नूतनीकरण होणार आहे आणि ते कपाट रिकामे करावे लागेल. मेळाव्याच्या निधीतून काय भेट द्यायची याची चर्चा ग्रुपवर चालू आहे. माझे मत असे की इतर काहीही द्या, पण त्यातला थोडा भाग या गुंडाळ्यांसाठी ठेवा. प्रत्येक चित्राचा फोटो, नाव, इयत्ता, वर्ष आणि माध्यम एवढी नोंद केली तरी पुरे. त्याचा डेटाबेस मी करून देते आणि त्याच्या प्रती किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहतील हेही पाहते. मला हवीत दोन-तीन रविवार देणारी चार माणसे, आणि ज्यांना एकमेकांची जुनी अक्षरे ओळखता येतात असे वर्गमित्र, कारण कितीतरी चित्रांवर फक्त हजेरी क्रमांक आहे.

मेळाव्याला याल तेव्हा आधी चित्रकलेच्या खोलीत डोकवा. मी तिथेच भेटेन.